संवेदनांचा त्रास होणाऱ्या मुलाचे निदान: नावाआधी नीट तपासणी हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लहान मुलांचा हट्ट, त्यांची चिडचिड, खाण्यातील नखरे अशा विषयांवर आपल्या पुरवणीत अधूनमधून येणारे लेख मी नेमाने वाचते. त्यांतील बहुतेक लेखांत दोनच प्रकारचा सल्ला आढळतो. एक तर पालकांनी शिस्त लावावी, मोबाइल काढून घ्यावा, म्हणजे मूल ताळ्यावर येईल असे सांगितलेले असते. नाहीतर ‘ही पाच लक्षणे दिसली तर सावध व्हा’ अशा धर्तीवर एखाद्या विकाराचे नाव पुढे करून पालकांची झोप उडवलेली असते. या दोहोंच्या मध्ये अडकलेल्या पालकांची संख्या लहान नाही. त्यांचे तीन-चार वर्षांचे मूल बोलते, हसते, ओळखीच्या माणसांत रमते, पण कपडे घालताना, केस कापताना किंवा गर्दीच्या ठिकाणी असे काही कोलमडते की संपूर्ण घराचे वेळापत्रक त्याभोवती फिरू लागते. मी अशाच एका मुलाची आई आहे. मी डॉक्टर नाही. परंतु निदानाच्या शोधात जे वाचावे लागले, तज्ज्ञांना विचारून घ्यावे लागले आणि ताडून पाहावे लागले, त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ‘याला काहीही झालेले नाही’ असे म्हणून पालकांना परत पाठवणारे आणि पहिल्याच भेटीत ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ (संवेदनांवर प्रक्रिया करण्यातील विकार) असा शिक्का मारून मोकळे होणारे, हे दोघेही मुलाची खरी तपासणी टाळत असतात.

ज्यांनी हे जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे आवश्यक आहे. काही मुलांना सदऱ्याच्या मानेजवळचे लेबल किंवा मोज्याच्या टोकाची शिवण इतकी टोचते की ती दोन मिनिटेही अंगावर ठेवू शकत नाहीत. नखे कापणे, डोक्यावरून पाणी घेणे, दात घासणे या रोजच्या क्रिया त्यांना दुखापतीसारख्या वाटतात. मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर किंवा सार्वजनिक स्वच्छतागृहातील हात वाळवण्याचे यंत्र सुरू झाले की ती कानांवर हात दाबून पळ काढतात, आणि पुढच्या वेळी त्या जागेच्या दारातूनच मागे फिरतात. याच्या अगदी उलट वागणारीही मुले असतात. ती सतत गोल फिरतात, सोफ्यावरून स्वतःला झोकून देतात, सदऱ्याची कॉलर चावून ओली करतात, भिंतीला आणि माणसांना धडकत चालतात, आणि गुडघा फुटून रक्त आले तरी त्यांच्या ते लक्षात येत नाही. लोकांना चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की ही दोन्ही रूपे एकाच मुलात असू शकतात. हलक्या स्पर्शाने किंचाळणारे मूलच घट्ट मिठी मागत येते, आणि मग पाहणाऱ्याला ते सगळे नाटक वाटू लागते.

हे नाटक नसते याचे कारण समजून घ्यायला शाळेत शिकलेली पाच ज्ञानेंद्रिये पुरत नाहीत. शरीराचा तोल व हालचाल टिपणारी व्यवस्था आतल्या कानात असते. हात-पाय कुठे आहेत आणि किती जोर लावायचा हे सांगणारी व्यवस्था स्नायू व सांध्यांत असते. आणि भूक, तहान, लघवीची भावना, पोटातील कळ यांची जाणीव करून देणारी आणखी एक व्यवस्था शरीराच्या आत असते. या सगळ्यांकडून येणारी माहिती मेंदूला सतत गाळावी आणि जुळवावी लागते. त्या कामात अडथळा आला, तर शौचाला लागल्याचे वेळेवर न कळणारे मूल आळशी ठरते आणि जिन्यावर अडखळणारे मूल धांदरट ठरते. त्यांच्या अडचणीकडे संवेदनांच्या अंगाने पाहावे हे कुणाला सुचतच नाही.

अर्थात, लेबल टोचणारे प्रत्येक मूल आजारी नसते. आवडीनिवडी सर्वांना असतात, आणि दोन-तीन वर्षांच्या वयात तर त्या फारच तीव्र असतात. म्हणून मोठ्या आवाजाची भीती वाटते का, हा प्रश्न एकटा फारसा उपयोगाचा नाही. त्या भीतीमुळे मुलाचे झोपणे, जेवणे, आंघोळ, खेळणे, शाळेत बसणे यांपैकी काय अडते, किती महिने अडते आहे, एकाच ठिकाणी अडते की सर्वत्र, आणि त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने किती अधिक अडते, हे विचारावे लागते. अमेरिकेत बालवाडीच्या वयातील मुलांच्या पालकांना प्रश्नावली देऊन केलेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सावध हिशेब धरूनही सुमारे 5 टक्के मुलांना संवेदनांच्या प्रक्रियेत लक्षणीय अडचणी असल्याचे आढळले. हा आकडा पालकांच्या सांगण्यावर आधारलेला आहे, वैद्यकीय तपासणीवर नाही, हे लक्षात ठेवूनही तो दुर्लक्षित करण्याजोगा नाही.

आता निदानाकडे वळते. येथे पालकांना पहिला धक्का बसतो तो असा, की ज्या नावाच्या शोधात ते निघालेले असतात, त्या नावावरच तज्ज्ञांचे एकमत नाही. ही कल्पना मांडली ती ए. जीन आयर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजच्या क्रिया जमाव्यात यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञाने. त्यांनी मानसशास्त्राचाही अभ्यास केला होता, आणि 1960 व 1970 च्या दशकांत संवेदनांचे एकत्रीकरण व शिकण्यातील अडचणी यांचा संबंध त्यांनी मांडला. त्यानंतर अर्धशतक उलटले. तरीही 2013 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या वर्गीकरणात संवेदन-प्रक्रियेतील अडचणीला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणातही ते नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तर 2012 मध्येच आपल्या सदस्यांना सांगितले की हे नाव निदान म्हणून वापरू नये. दुसऱ्या बाजूला, जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 2016 मध्ये आलेल्या डीसी:0-5 या वर्गीकरणात संवेदनांना अति प्रतिसाद आणि अल्प प्रतिसाद हे स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलेले आहेत. त्यामुळे एकाच मुलाला एका दवाखान्यात एक नाव मिळते, दुसऱ्यात मिळत नाही, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात.

हा वाद ऐकल्यावर काही डॉक्टर जो निष्कर्ष काढतात तो मात्र मला मुळीच मान्य नाही. असे काही नसतेच, असे आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आले, आणि तेवढ्यावर भेट संपली. ताप हे एखाद्या आजाराचे नाव नव्हे, म्हणून तापलेल्या मुलाला कोणी घरी पाठवत नाही. तापाचे कारण शोधले जाते आणि ते सापडेपर्यंत ताप उतरवण्याचीही सोय केली जाते. संवेदनांच्या अडचणींबाबत नेमके हेच अपेक्षित आहे. अकादमीच्या त्याच निवेदनाचा पहिला भाग सर्वांना पाठ असतो, दुसरा मात्र सोयीने विसरला जातो. अशी लक्षणे दिसत असतील तर स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकत नाही, आवेग आवरत नाही असा विकार), हालचालींच्या समन्वयातील विकार, चिंताविकार अशा शक्यतांची कसून तपासणी करावी, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. नाव देऊ नका या सूचनेचा अर्थ तपासू नका असा होत नाही. उलट, अर्धवट नाव देऊन खरे निदान निसटू नये, हाच तिचा हेतू आहे.

ही तपासणी सुरू होते ती साध्या शारीरिक गोष्टींपासून, आणि नेमक्या त्याच गोष्टी घाईत राहून जातात. कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी झालेली असली पाहिजे. या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साचणे फार सामान्य आहे, आणि कमी ऐकू येणारे मूलसुद्धा मोठ्या आवाजाला विलक्षण दचकू शकते. सतत अडखळणाऱ्या मुलाचे डोळे तपासलेले हवेत. शौचालयाला घाबरणाऱ्या मुलाला जुनाट बद्धकोष्ठता असेल, तर आधी तिच्यावर उपचार व्हायला हवेत. कपडे सहन न करणाऱ्या मुलाच्या त्वचेवर एक्झिमा (खाज सुटणारा त्वचाविकार) आहे का हे पाहायला हवे. माती-कागद खाणाऱ्या किंवा रात्री पाय झाडत तळमळणाऱ्या मुलाच्या रक्तातील लोहाचे प्रमाण मोजायला हवे. दात किडलेला असताना दात घासण्यावरून होणाऱ्या रडण्याला संवेदनशीलता म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. मूल मध्येच काही क्षण शून्यात पाहत राहते, हाका मारून किंवा हात लावूनही भानावर येत नाही, असे होत असेल तर फिट्सची शक्यता डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे. आणि येत असलेले शब्द किंवा कौशल्ये मूल गमावू लागले असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे. बाकी सर्व बाबतींत थोडा धीर धरता येतो, यात नाही.

यानंतर येते ती विकासाची तपासणी, आणि तिथे पालकांच्या मनात एकच शब्द घोळत असतो, ऑटिझम. त्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. डीएसएम-5 मध्ये संवेदनांना अति किंवा अल्प प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांपैकी एक म्हणून प्रथमच समाविष्ट झाला, हे खरे. परंतु तो साचेबद्ध वागणुकीच्या चार निकषांपैकी एक आहे, आणि त्या चारांपैकी किमान दोन लागू व्हावे लागतात. शिवाय सामाजिक संवादातील तिन्ही प्रकारच्या अडचणी असाव्या लागतात: देवाणघेवाण, हावभावांचा वापर आणि नाती जोडणे. म्हणजे केवळ आवाज सहन होत नाही म्हणून कोणी स्वमग्न ठरत नाही. त्याचबरोबर, तो नजरेला नजर देतो, मग ऑटिझम कसा असेल, असे म्हणून विषय संपवणेही तितकेच चूक आहे. विशेषतः मुलींमध्ये इतरांचे अनुकरण करून अडचण झाकण्याची हातोटी असते आणि त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता आहे का हे पाहणारी एम-चॅट ही 20 प्रश्नांची चाळणी आता अनेक पालकांना ठाऊक आहे. पण ती चाळणीच आहे. तिच्यात अडकलेल्या मुलाची सविस्तर तपासणी व्हावी एवढाच तिचा अर्थ, आणि तिच्यात न अडकलेल्या मुलाबद्दल पालकांची काळजी कायम असेल तर तीही ऐकून घेतली गेली पाहिजे.

एडीएचडी आणि चिंताविकार यांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. धडकणारे, उड्या मारणारे मूल संवेदना शोधत असते की त्याला आवेग आवरत नाही, हे बाहेरून सारखेच दिसते. शाळेच्या दारात रडणारे मूल तिथल्या गोंगाटाला घाबरते की आईपासून दुरावण्याला, हे एका भेटीत कळत नाही. कधी दोन्ही कारणे खरी असतात. म्हणून ज्या तपासणीत बोलणे, खेळ, हातापायांच्या हालचाली, झोप आणि घरातील परिस्थिती यांची विचारपूस होत नाही, फक्त एक छापील प्रश्नावली भरून घेऊन गुण मोजले जातात, तिला निदान म्हणू नये असे माझे मत आहे.

ऑक्युपेशनल थेरपिस्टचे काम येथे वेगळे आणि महत्त्वाचे ठरते. मुलाला कोणता विकार आहे हे ठरवणे हे प्रामुख्याने डॉक्टरांचे काम. पण त्याला कपडे का घालता येत नाहीत, पेन्सिल का धरवत नाही, झोपाळ्यावर बसायला ते का घाबरते, याचा उलगडा चांगला थेरपिस्ट अधिक नेमकेपणाने करू शकतो. विनी डन यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेली सेन्सरी प्रोफाइल ही प्रश्नावली आजही सर्वत्र वापरली जाते. संवेदना मुलाच्या लवकर लक्षात येतात की उशिरा, आणि ते त्यांना निमूटपणे सामोरे जाते की स्वतः काही करून त्या मिळवते वा टाळते, या दोन अंगांनी तीत चार गट पाडलेले आहेत. तिचा उपयोग आहे, पण ती पालकांच्या किंवा शिक्षकांच्या उत्तरांवर चालते. थकलेल्या आईचे उत्तर आणि शांत आजोबांचे उत्तर सारखे येईलच असे नाही. म्हणून थेरपिस्टने मुलाला स्वतः खेळताना, चढताना, कपडे बदलताना पाहिले का, हा प्रश्न अहवाल हाती घेताना अवश्य विचारावा. अहवालात नुसते गुण असतील आणि रोजच्या आयुष्याविषयी एकही वाक्य नसेल, तर तो अपुरा आहे असे समजायला हरकत नाही.

दवाखान्यातील भेटीविषयी एक व्यावहारिक गोष्ट. अनोळखी खोलीत, एकाच प्रौढ माणसासमोर, आवाज आणि गर्दी नसताना यांतील कित्येक मुले अत्यंत शहाण्यासारखी वागतात, आणि पालकांची तक्रार अतिरंजित वाटू लागते. काही मुले शाळेतही दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरात पाऊल टाकताच कोसळतात. शाळा म्हणते आमच्याकडे काही त्रास नाही, आणि दोष घराकडे वळतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे आधी केलेली नोंद. काय घडले, त्याच्या आधी काय चालू होते, जागा कोणती होती, किती वेळ लागला, आणि मूल कशाने सावरले, एवढे लिहिलेले असेल तर दहा मिनिटांच्या भेटीचेही चीज होते. मोबाइलवर घेतलेली छोटी चित्रफीत याहून बोलकी असते, मात्र ती डॉक्टरांपुरतीच ठेवावी. रडणाऱ्या मुलाचे चित्रण नातेवाइकांच्या गटांवर फिरवणाऱ्यांचे मला नवल वाटते. अशा नोंदींतूनच हट्ट आणि असह्यता यांतील फरकही दिसू लागतो. हट्ट करणारे मूल समोरच्याकडे पाहत असते आणि हवे ते मिळाले की शांत होते. संवेदनांनी भारावलेल्या मुलाला कोणी पाहते आहे की नाही याची पर्वा नसते, आणि हवी ती वस्तू दिली तरी ते लगेच सावरत नाही. हा नियम पक्का नाही. हट्टाने सुरू झालेला प्रसंग असह्यतेत शिरू शकतो हे कुठलीही आई सांगेल.

उपचारांबद्दल लिहिताना सावधपणा बाळगणे भाग आहे, कारण या क्षेत्रात बाजारही शिरलेला आहे. निदानाची खात्री नसताना महिनोन्‌महिन्यांच्या सत्रांचे पैसे आगाऊ मागणारी केंद्रे आहेत आणि प्रत्येक अडचणीवर एकच थेरपी सुचवणारे तज्ज्ञ आहेत. संशोधन काय सांगते? आयर्स यांच्या संवेदना-एकत्रीकरणाच्या उपचारपद्धतीवर 32 स्वमग्न मुलांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 आठवड्यांत 30 सत्रे घेतल्यावर त्या मुलांनी ठरवून दिलेल्या उद्दिष्टांत नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा अधिक प्रगती केल्याचे त्यात दिसले. पुढे ब्रिटनमध्ये 138 मुलांवर झालेली मोठी चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुलांच्या एकूण वागणुकीत नेहमीच्या मदतीपेक्षा ठळक फायदा आढळला नाही. वजनदार पांघरुणाची आता मोठी चलती आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वमग्न मुलांची झोप त्याने साध्या पांघरुणापेक्षा वाढली नाही, जरी मुलांना व पालकांना ते अधिक आवडले. आणि तान्ह्या बाळासाठी तर ते धोक्याचे आहे. याचा अर्थ थेरपी निरुपयोगी आहे असा मी काढत नाही. आमच्या घरी तिची मदत झाली आहे. पण ती सुरू करताना उद्दिष्ट साध्या शब्दांत ठरलेले असावे, उदाहरणार्थ मूल न रडता केस धुऊ देईल, आणि ठरलेल्या मुदतीनंतर फरक पडला का हे नोंदीवरून तपासावे. फरक नसेल तर थांबण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे, आणि तो वापरताना अपराधी वाटण्याचे कारण नाही.

पक्के निदान मिळायला वेळ लागतो. बालविकासतज्ज्ञ जगभर कमी आहेत आणि त्यांच्याकडे रांगा लांब असतात. या काळात मुलाला थांबवून ठेवण्याची गरज नसते. लेबल कापून टाकणे, शिवण नसलेले मोजे शोधणे, मिक्सर लावण्यापूर्वी सांगणे, गर्दीच्या ठिकाणी कानांवर आवाज रोखणारे हेडफोन देणे, नखे अंघोळीनंतर मऊ झाल्यावर कापणे, दिवसात चढण्या-ओढण्याचे, अंगाला जोर लागेल असे खेळ ठेवणे, यांसाठी कोणत्याही प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. सवय व्हावी म्हणून मुलाला मुद्दाम गोंगाटात लोटणे मात्र करू नये. हळूहळू, त्याच्या संमतीने आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवून केलेला सराव वेगळा, आणि हात धरून बसवून ठेवणे वेगळे. खाण्याच्या बाबतीत जरा अधिक दक्षता हवी. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे वजन घटत असेल, वाढ खुंटली असेल किंवा पूर्वी खात असलेले पदार्थही एकामागून एक सुटत असतील, तर अन्न टाळण्याच्या विकाराची शक्यता तपासावी लागते. डीएसएम-5 मध्ये तो स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे आणि अन्नाचा स्पर्श, वास व पोत सहन न होणे हे त्याच्या कारणांपैकी एक आहे.

शाळेकडून पालक फार काही मागत नाहीत. घंटेजवळची जागा बदलून देणे, स्नेहसंमेलनाच्या तालमीत सभागृहाबाहेर उभे राहू देणे, रांगेत सर्वांत पुढे किंवा सर्वांत मागे ठेवणे म्हणजे दोन्ही बाजूंनी धक्के लागत नाहीत, हे शिक्षकांना सहज जमण्यासारखे आहे. अडचण येते ती कागदावर नाव नसल्यामुळे. निदान नाही तर सवलत नाही, अशी भूमिका काही शाळा घेतात, आणि मग पालक कोणतेही नाव मिळवण्याच्या मागे लागतात. निदानाच्या या धावपळीत पालकांच्या उतावीळपणाइतकाच शाळांच्या या नियमाचाही वाटा आहे, असे मला वाटते. मुलाला काय जड जाते आणि कशाने सोपे होते, एवढे सांगणारे डॉक्टरांचे किंवा थेरपिस्टचे एक पानी पत्र शाळांनी पुरेसे मानले, तर निम्मी घाई आपोआप कमी होईल.

घरातील वडीलधाऱ्यांचा मुद्दा टाळून चालणार नाही. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हे वाक्य प्रत्येक अशा घरात उच्चारले जाते, आणि त्याचा रोख बहुधा आईवर असतो. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांविषयी जो लेख लिहिला, ज्यातून पुढे ऑटिझमचे आधुनिक निदान आकाराला आले, त्यात मोठ्या आवाजांनी आणि हलत्या वस्तूंनी हादरून जाणारी मुले स्पष्टपणे नोंदवलेली आहेत. म्हणजे ही मुले तेव्हाही होती. मोबाइलवर सगळा दोष ढकलण्याबद्दलही असेच म्हणावे लागेल. बाळपणी पडद्यासमोर घालवलेला वेळ आणि पुढे दिसणारे संवेदनांचे वेगळेपण यांत संबंध आढळल्याचे एक अमेरिकी संशोधन 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. चंचल, चटकन न रमणाऱ्या बाळालाच पडदा अधिक दाखवला जात असेल ही शक्यताही उरतेच. दोन वर्षांखालील मुलांना पडदा न दाखवणे चांगलेच आहे, त्यासाठी आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज नाही.

आपल्याकडे माझी विनंती मर्यादित आहे. लक्षणांच्या याद्या छापताना त्यांच्यासोबत कोणाकडे, कोणत्या क्रमाने जावे आणि कोणत्या तपासण्या आधी व्हाव्यात हेही छापावे. ‘स्वमग्नता’ आणि ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ ही नावे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. एखाद्या केंद्राची जाहिरात लेखाच्या रूपात आलेली असेल तर तसे तिथेच स्पष्ट लिहावे. आणि बालरोगतज्ज्ञांपैकी जे आपले वाचक असतील त्यांना सांगावेसे वाटते की नाव देता येत नसेल तर देऊ नका, पण मुलाच्या कागदांवर तीन गोष्टी अवश्य लिहा: आज काय तपासले, काय तपासायचे राहिले, आणि पुन्हा केव्हा आणायचे. दवाखाना बदलावा लागला तर पुढच्या डॉक्टरांना तेथून सुरुवात करता येते, आणि पालकांना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत स्वतंत्रपणे पाठवला आहे.

आपली विश्वासू,
एक पालक